धवलारणीची गाडी

कोनगावात चांगदेव वायरमनची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक, त्याने केलेली वायरिंग जळत नाही. दुसरी, तो कुणाचं कौतुक करत नाही, स्वतःच्या बायकोचं तर नाहीच. चाळीस वर्षं कापडाच्या लूमच्या शेडमध्ये मोटरी आणि स्टार्टर दुरुस्त करण्यात गेली आणि त्या खटखटाटात निम्मे कान गेले. उरलेल्या निम्म्या कानांनी तो फक्त कामाचं ऐकतो, असं गाव म्हणतं. गावाचं काय, गाव काहीही म्हणतं. पण बायको गायला बसली की हा माणूस मांडवाच्या कुठल्या तरी खांबाला टेकून, वायर तपासल्यासारखं करत तासन् तास उभा राहायचा, हे पाहणारे अजून जिवंत आहेत.

बायकोचं नाव हौसा. हौसा धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारीण उशिरा आलेली चालत नाही. हळद दळण्यापासून पोरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे लग्नगीत, वेगळा, आणि तो म्हणून देवांना लग्नाला बोलवायचं काम तिचं. ते कागदावर लिहिलेलं नसतं. हौसाला ते आईकडून आलं. थोरली बहीण गोदू हिला आवाज नव्हता, म्हणून सगळं धाकटीच्या वाट्याला आलं. कल्याणपासून उरणपर्यंत हौसाने किती लग्नं लावली याचा हिशोब तिने ठेवला नाही, एखाद्या बाजारात कुणी लेकुरवाळी येऊन पाया पडली की म्हणायची, "हिचंबी मीच लावलं असंल."

लग्नं लांबलांबची, हळद उशिरापर्यंत चाललेली, पहाटे पुन्हा विधी. मग झोपायचं कुठे? पाहुण्यांच्या घरात, चाळीस माणसांच्या घोरण्यात? चांगदेवने एका शाळेची मोडीत निघालेली व्हॅन घेतली. आतले बाक उपटून काढले, एका बाजूला फळीचा पलंग ठोकला, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह आणि पाण्याची टाकी. वर पंखा, बल्ब, आणि हौसाच्या साडीसाठी एक आरसा. पंचवीस वर्षं त्या दोघांचा अर्धा संसार या गाडीत झाला. लोक तिला धवलारणीची गाडी म्हणायचे. लेक क्षितिजा मोठी होऊन जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात सुपरवायझर झाली, तेव्हा तिने मोबाइलवर दाखवलं, "बाबा, याला कॅम्परव्हॅन म्हणतात. बाहेरच्या देशात लोक हौसेने बनवतात." चांगदेव म्हणाला, "आमी बी हौसेसाठीच बनवली." हा त्याच्या आयुष्यातला एकमेव विनोद असावा, आणि तोही त्याने हसून सांगितला नाही.

दोन वर्षांपूर्वी हौसाचा दम तुटायला लागला. आधी जिन्यावर, मग अंगणात, मग धवल्याच्या मध्येच. डॉक्टरने फोटो बघून सांगितलं की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, स्पंज सुकतो तशी. औषधाने वेग कमी होईल, पण जे सुकलं ते काही परत ओलं होणार नाही. मग हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन आलं. नाकात नळी, नळीच्या टोकाला घरघरणारा डबा, आणि डब्याचा पिन भिंतीतल्या प्लगमध्ये. जिने अर्धा ठाणे जिल्हा पालथा घातला ती बाई सात मीटरच्या नळीवर आली.

दिवाळीत गोदूचा फोन आला. तिच्या नातीचं, मृणालीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. उरणकडे, खाडीकाठच्या गावात. हौसाने फोनवरच शब्द देऊन टाकला.

"तिच्या आयशीचं लगीन मी लावलं. तिचं दुसरी कोन लावल?"

फोन ठेवल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. काय पाहिजे ते बोलायची गरज नव्हती. ज्या माणसाने गावभर उजेड केला, त्याला बायकोच्या एका मशीनपुरती वीज बरोबर नेता येऊ नये?

तुम्ही म्हणाल, लग्नघरात प्लग नसतो का? असतो. पण हळदीच्या रात्री गावात काय होतं ते वायरमनला विचारा. डीजे, रोषणाई, मांडवातले हॅलोजन, आकडा टाकून घेतलेली आणखी चार घरं. सात वाजले की ट्रान्सफॉर्मर तरी उडतो नाहीतर व्होल्टेज तरी इतका पडतो की मशीन ओरडून बंद होतं. डीजेचा जनरेटर म्हणजे दारुड्याची चाल, कधी कुठे झोकांडी जाईल सांगता येत नाही. स्वतःचा जनरेटर न्यावा तर धुराचं नाव काढलं तरी हौसाला खोकला यायचा. ऑक्सिजनचा सिलिंडर लग्नघरातल्या चुली, फटाके आणि विड्यांच्या मध्ये ठेवायला चांगदेवचा जीव होईना. एका शेडमध्ये त्याने एकदा सिलिंडर फुटलेला पाहिला होता. राहिला सूर्य. छतावर सोलर, खाली बॅटरी, बॅटरीवर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर मशीन. संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंत, म्हणजे दहा तास, कुणापुढे हात न पसरता हौसाचा श्वास चालला पाहिजे. चांगदेवने पेन्सिल काढली आणि गाडीच्या आतल्या पत्र्यावर लिहिलं : दहा तास.

पहिला आराखडा तर पोरखेळ होता. तेव्हा मशीन छोटं होतं, मिनिटाला लिटरभर ऑक्सिजन देणारं आणि तेही फक्त झोपताना. एक पॅनेल, घरातली जुनी बॅटरी, झालं. क्षितिजाच्या गोदामावर छताची दुरुस्ती निघाली होती, त्यात उतरवलेले पॅनेल कोपऱ्यात पडले होते. साहेबाला विचारून तिने दोन घरी आणले. चांगदेव रोज फडक्याने ते पुसायचा. मोबाइलवर तो परदेशी जोडप्यांचे व्हिडिओ बघायचा. भाषा कळत नव्हती, वायर कळत होती. "ह्यांचा सगला लोड फ्रीजचा नि कॉफीचा," तो हौसाला सांगायचा. "कॉफी न्हाय झाली तं मरतंय का कोन?"

संक्रांतीला डॉक्टरने दोन लिटर केले आणि छोटं मशीन बदलून मोठं दिलं. चांगदेवने वायरीला टाँगटेस्टर लावून करंट मोजला आणि बराच वेळ आकड्याकडे बघत बसला. लोड दुपटीहून वर गेला होता. आराखडा फाडला, दुसरा केला. छतावर दोन्ही पॅनेल, जुनी बॅटरी बाद, तिच्या जागी लिथियमची मोठी. शिमग्याला डॉक्टरने तीन लिटर केले, आणि झोपताना नव्हे, दिवसभर. जेवताना, आंघोळीला थोडा वेळ नळी काढली तर चालेल, म्हणाला, पण तेवढंच. तिसरा आराखडा.

कारखान्यात लोड वाढला की शेठला सांगता येतं, बाबा रे, चार लूम बंद ठेव. इथे कोण काय बंद ठेवणार होतं? चांगदेव गाडीत एक वायर ओढायचा आणि तिकडे हौसाच्या छातीत काहीतरी आणखी थोडं सुकायचं. त्याचं काम पुढे जात होतं, आणि ते काम ज्याला पुरायचं तेही पुढेच पळत होतं. रात्री जेवताना तो तिच्या तोंडाकडे बघायचा नाही, खांद्यांकडे बघायचा. श्वासाला किती वर उचलले जातात ते मोजायचा. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीवर त्याच्याकडे पक्कड नव्हती.

वैशाखाच्या तोंडावर सगळं बसवून झालं. दोन पॅनेलनी छत भरलं, तिसरं ठेवायला वीतभर जागा उरली नाही. हिशोब पत्र्यावर लिहिलेला : भरलेली बॅटरी, तीनशे वॅटचं मशीन, सात तास. कसाही मांडला तरी सातच. गुणाकार उलटा केला, सुलटा केला, इन्व्हर्टर कमी खातो असं धरलं. आठापर्यंत काही जाईना. तशीच दुसरी बॅटरी मागवली तर दुकानदार म्हणाला, माल बंदरात अडकलाय, महिनाभर लागेल. जुनी बॅटरी जोडीला लावावी तर एका जोखडाला बैल आणि घोडा. लग्नाला आठ दिवस होते.

"सात तासच निगतांत," त्याने हौसाला सांगितलं. तिच्यापासून त्याने आकडा कधी लपवला नव्हता.

"कागदावर," हौसा म्हणाली. "चालवून तं बगा."

ते खरं होतं. कागद आणि मोटर यांचं कधी पटत नाही, हे तोच सगळ्यांना सांगायचा. शनिवारी सकाळी नऊ वाजता त्याने पॅनेलवर ताडपत्री टाकली, म्हणजे हळदीच्या रात्रीसारखा सूर्य नाही. बॅटरी शंभर टक्के. हौसाला गाडीतल्या पलंगावर बसवलं, मशीन इन्व्हर्टरवर चालू केलं. तिथून संध्याकाळी सातपर्यंत दहा तास. हवा खेळावी म्हणून मागचं दार उघडं, त्याला जुन्या साडीचा पडदा.

तो पायरीवर बसून राहिला तसं हौसाने तासाभरात त्याला हाकललं.

"तुमी असे डोले लावून बसाल तं मना झोप कशी येल? जा, कामं करा. लागलं तं हाक मारीन."

हाक कसली ऐकू येणार? अंगणाच्या भिंतीपलीकडे अठ्ठेचाळीस लूमची शेड, शनिवारची पाळी जोरात. त्या आवाजात मशीनची घरघर गाडीच्या दारात उभं राहिल्याशिवाय चांगदेवच्या कानाला लागत नव्हती. तरी तो दर तासाला येऊन पायरीवर पाय ठेवायचा, गाडी जराशी हलायची, पडदा सारून आत बघायचा. हौसा नळी लावून पडलेली, मशीन चालू. दुपारी जेवणही तिने तिथेच घेतलं. तीन वाजता ती जरा घामेजलेली दिसली. "गरमतंय," म्हणाली. तापत होतंच.

चार वाजता बॅटरी संपायला हवी होती. संपली नाही. पाच झाले, सहा झाले. चांगदेव दर फेरीला पत्र्यावरचा हिशोब पुन्हा वाचत होता आणि कुठे चुकलो ते सापडत नव्हतं. सात वाजले, दहा तास भरले आणि बॅटरीवर अजून पंधरा टक्के शिल्लक होते.

कधी न हसणारा माणूस अंगणात उभा राहून हसला. त्याने हौसाला हात धरून, मशीन उचलून घरात आणलं, आणि तिच्यादेखत गोदूला फोन लावला. "येतांव आमी. तुजी भैन गाडीतून येल नि गाडीत झोपल, तुजी येक वायर नको मना." फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, "हौसा, मोठी वस्ताद बाय हाय तू." पस्तीस वर्षांत केलेलं पहिलं कौतुक, तेही बॅटरीच्या कर्तबगारीबद्दल. हौसा लवकर झोपली.

रविवारी सकाळी क्षितिजा आली. बॅटरीला एक मीटर तिनेच बसवायला लावला होता, ज्याची नोंद मोबाइलवर दिसायची. बापाचा पराक्रम बघायला तिने गाडीशेजारी उभं राहून ती उघडली. मोबाइलवर शनिवारची रेघ आली. क्षितिजाने बोटांनी ती मोठी करून पाहिली.

"बाबा, मध्ये मध्ये बंद का केलं होतंत?"

"कोनी? न्हाय केलं."

तिने मोबाइल त्याच्या हातात दिला. रेघ तीनशेवर सरळ चालत होती, मग एकदम शून्यावर, मग पुन्हा तीनशे. फणीचे दात मोडावेत तशा फटी. अकराच्या आधी दहा मिनिटं. बाराच्या आधी पंधरा. एकच्या आधी वीस. दुपारनंतर पाऊण पाऊण तास. फटी जिथे संपत होत्या तिथे तास भरत होता, म्हणजे तो पडदा सारून बघायला जायचा ती वेळ. सगळ्यांची बेरीज जवळपास चार तास.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चांगदेवला वाटलं, आपली वायरिंग चुकलेली निघावी. सैल स्क्रू असेल, इन्व्हर्टर तापून सुटला असेल, वायरीच्या टोकाचं लग पकडत नसेल. तो घरातून पेचकस आणि टेस्टर घेऊन आला, गाडीखाली शिरला आणि एकेक जोड तपासायला लागला. फ्यूज काढून बघितला, बॅटरीचे नट ओढून बघितले. मनातल्या मनात तो एकवीरेला विनवत होता की एक तरी नट सैल दे. सगळे घट्ट होते. त्याचं काम नेहमीसारखंच चोख होतं. आता एकच स्विच राहिला होता, मशीनचा स्वतःचा.

गाडीखालून निघताना त्याच्या ध्यानात आलं, सकाळी पिशवी भरायला म्हणून मशीन गाडीत ठेवायला लावलेली हौसा अजून घरात आली नव्हती. तो मागच्या पायरीवर न चढता पुढच्या दाराने, सीटवरून वाकून आत शिरला.

हौसा पलंगावर बसली होती. शेजारी उघडी पिशवी, लग्नात नेसायची हिरवी साडी घडी घालून ठेवलेली. मशीन बंद. नळी मांडीवर. तिचे ओठ जांभळट झाले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, आणि ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. चांगदेवने आधी नळी तिच्या नाकाला लावली, मग स्विच दाबला, मग तिच्यासमोर खाली बसला. ओठांचा रंग परत यायला वेळ लागला.

"काल बी बंद केलंवतंस?"

"कोनी सांगलं?"

"मीटरनं."

"मेला चुगलखोर," हौसा म्हणाली आणि हसायला गेली, तर तिला खोकला आला.

"का गो? मी काय तुज्यावर हिशोब मागत होतो?"

तिने दम गोळा केला. एकेक वाक्य तोडून बोलली.

"तुमचे तास सात. पायजेत दहा. दुसरी बॅटरी येत न्हाय. मंग बगितलं, उरलेले तीन माज्याकडं हायत का." थांबली. मग तिच्या तोंडावर खराखुरा अभिमान आला, पोरीने पहिला नंबर काढावा तसा. "तीन पायजे होते. चार निगाले."

आराखडा करणारा चांगदेव एकटाच नव्हता. एकाच गाडीत दोघंजण एकाच लोडची जुळणी करत होते, आणि हिने तर स्वतःलाच बॅटरी धरलं होतं.

"कशे काडलेस?" त्याने शेवटी विचारलं.

"मनातल्या मनात धवले म्हनले. म्हनत गेलं तं येल कलत न्हाय. हलद दलली, देव बोलवले, मांडव घातला, मृणालीला न्हाऊ घातलं. पाऊन तास तशे बसवले. अख्खं लगीन लावलं मी हितं."

"नि छातीत?"

हौसाने पिशवी जवळ ओढली. पडद्यापलीकडे क्षितिजा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, पण ती आत आली नाही.

चांगदेवने पत्र्यावरच्या आकड्यांकडे बघितलं. तिथे अजून काहीतरी असेल, एखादा गुणाकार राहिला असेल, असं त्याला वाटत राहिलं. मनात उरणपर्यंतचा रस्ता आला, मांडव आला, आणि अंधारात पडद्यामागे एक स्विच बंद करणारा हात आला. तिथे तो दर तासाला डोकावेल. पण ती बाई त्याच्या पावलांच्या वेळा पाठ करून बसेल, आणि तिसऱ्या की चौथ्या फटीत तिचं गणित एका पाऊण तासाने चुकेल. नेलं तर ती हेच करणार, कितीही शपथा घातल्या तरी. नाही नेलं तर तिचा शब्द त्याने मोडला. यातली एकही गोष्ट पक्कडीने धरता येत नव्हती. त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

"न्हाय हौसा," तो म्हणाला. "न्हाय नेत मी तुला."

ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. तिने भांडायला हवं होतं. ती फक्त हिरव्या साडीवरची सुरकुती हाताने सपाट करत राहिली. मग म्हणाली, "पाठवनीचा तेवढा ऱ्हायला. तो तितंच म्हनीन म्हनलं होतं."

मशीन घरघरत होतं. बॅटरी कालपासून धड भरलीही नव्हती, ती खाली चालली होती. चांगदेव घरातली वायर आणायला उठला, तसं हौसाने त्याचा हात धरून खाली बसवलं. "ऱ्हाऊ द्या. आता कशाला वाचवायची?"

गोदूला कळवायला हवं होतं. चांगदेवने फोन काढला, पण डोळ्यांतल्या पाण्याने त्याला नाव दिसेना. तो नुसताच अंगठा वरखाली फिरवत राहिला. हौसाने त्याच्या हातातून फोन घेतला, नंबर लावला, आणि पलीकडून बहिणीचा आवाज आला तशी नळी जरा नीट करून म्हणाली, "गोदू, दुसरी धवलारीन बगून ठेव."